तवा पुजला त्या वर्षी

आमच्या घरात आईबद्दल दोन वाक्यं बोलली जायची आणि दोन्ही एकाच माणसाच्या तोंडून यायची. पहिलं, “तिला काय काम असतंय, घरीच तर असती.” दुसरं, “ती गेली तर हितलं कसं व्हायचं?” हा माणूस म्हणजे आमचे आबा, माझ्या वडिलांचे वडील. आबा खोटं बोलणाऱ्यांतले नव्हते. पहिलं वाक्य ते पाहुण्यांपुढे बोलायचे, दुसरं आईनं माहेरचं नाव काढलं की बोलायचे, आणि दोन्ही वेळा चेहरा सारखाच सरळ असायचा. मी तेव्हा दहावीत होते, गणितात बरी होते, आणि ही दोन वाक्यं एकाच वेळी खरी कशी असू शकतात या प्रश्नानं माझं डोकं फिरायचं. आज पन्नाशी उलटून गेली. गणित मी पुढे पंचवीस वर्षं शाळेत शिकवलं. तरी हा गुंता काही सुटलेला नाही, आणि सुटला म्हणून मी हे लिहायला बसलेले नाही.

आमची वस्ती वडगाव निंबाळकरच्या बाहेर, कॅनलच्या अलीकडे. थोडा ऊस, बाकी सगळी तरकारी, टोमॅटो, वांगी, मिरची. गोठ्यात दोन गाया. घरात माणसं चारच, आबा, माझे वडील ज्यांना मी तात्या म्हणत असे, आई आणि मी. आजी मी लहान असतानाच गेली होती, त्यामुळं घरातली बाई म्हणजे आई एकटी. सकाळी मी अंथरुणात डोळे मिटून पडलेली असायची आणि घर मला आवाजांनी कळायचं. आधी गाईच्या साखळीचा आवाज, मग खराट्याचा, मग हंडा हौदाच्या कडेला टेकल्याचा, मग चुलीपुढं लाकूड मोडल्याचा कडकन आवाज, आणि मग बराच वेळ काठवटीत भाकरी थापल्याचे थप थप थप. आई स्वतः फारशी बोलायची नाही. इतका आवाज करणारी बाई मला गप्प वाटायची, हे आता लिहिताना मलाच विचित्र वाटतंय.

भाकरीचं सांगायलाच हवं. आबांचे दात गेलेले, त्यांची भाकरी जाड आणि मऊ, वरचा पापुद्रा काढून दुधात कुस्करता येईल अशी. तात्यांना पातळ, काठ करपलेली लागायची आणि तीही खरड्याबरोबर. तरकारीच्या तोड्याला, म्हणजे माल तोडायला, बायका यायच्या त्यांच्यासाठी मोठ्या, कापडात गुंडाळून दुपारपर्यंत टिकतील अशा. माझ्या डब्यात चपाती, कारण शाळेत भाकरी न्यायला मला लाज वाटायची. हे सगळं एकाच तव्यावर, एकाच बैठकीत, कुणी काही न सांगता व्हायचं. आईला स्वतःला कशी भाकरी आवडायची, हे मला माहीत नाही. शेवटची जी उरेल ती ती खायची. परवा जेवताना हे आठवलं आणि मी घास हातात धरून बसले.

त्या वर्षी भाद्रपदात निरवांगीहून निरोप आला. निरवांगी म्हणजे इंदापूर तालुक्यातलं आईचं माहेर. आमच्या वडगावातल्या किराणा दुकानात फोन होता, दुकानदारानं पोरीकरवी चिठ्ठी पाठवली, “म्हातारीनं अंथरूण धरलंय, एकदा येऊन जा.” म्हातारी म्हणजे आईची आई. आईनं चिठ्ठी माझ्याकडून दोनदा वाचून घेतली आणि संध्याकाळी आबांना चहा देताना म्हणाली, “मामंजी, आईकडं जाऊन यावं म्हंते.”

“जा की,” आबा म्हणाले. “तुला कुणी धरलंय व्हय?”

मला वाटलं, झालं, उद्या निघणार. पण आबा बशीतला चहा फुंकत पुढं म्हणाले, “निस्तं सोमवारचं तेवढं बघ. तोडा हाय. बायकांच्या भाकरी कोण करंल?” सोमवार झाला. मग तात्या म्हणाले, काळी गाय आजउद्या व्यायला झालीय, तिला तुझ्याशिवाय कुणी जवळ येऊ देत नाही, ती मोकळी झाली की जा. गाय व्याली. मग पितृपंधरवडा आला, वाडवडिलांना घास घालायचा होता. मग घट बसले. कुणीही एकदासुद्धा ‘जाऊ नको’ म्हणालं नाही, हे मी शपथेवर सांगते. दर वेळी आधी ‘जा की’च असायचं. आई मान हलवायची आणि कामाला लागायची. मला तिचाच राग यायचा. जा म्हणतायत ना, मग जा की! मला तेव्हा एवढंच कळत होतं.

आता खंडेनवमीचं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडं हत्यारं पुजतात. आबांचा त्यात एक नेम होता आणि तो त्यांनी कधी मोडू दिला नाही. पुजलेलं हत्यार दसऱ्याला सोनं लुटून येईपर्यंत उचलायचं नाही. वर्षभर राबलेल्या लोखंडाला तेवढा एक दिवस विसावा. आबांच्या तरुणपणी एका गड्यानं पुजलेली कुऱ्हाड फांदी तोडायला उचलली आणि नेमकी स्वतःच्या पायावर घातली, ही गोष्ट आम्ही दर वर्षी ऐकायचो. त्यामुळं नवमीला शेतात सामसूम असायची. तोडा नाही, खुरपण नाही, मोटारही बंद. तात्या धुतलेला सदरा घालून उगाच इकडंतिकडं फिरायचे. आई मात्र त्या दिवशी नेहमीपेक्षा लवकर उठायची, कारण सणाचा सोपा सारवायचा असायचा, नैवेद्य असायचा, आणि दुसऱ्या दिवशीच्या पुरणाची तयारी. आणि हे सगळं नऊ दिवसांच्या उपासात.

त्या सकाळी आई गोधड्या घेऊन कॅनलला धुवायला गेली होती. आबांनी मला सोप्यात पाट मांडायला सांगितलं. त्यांना मोतीबिंदूमुळं कमी दिसायचं, म्हणून मांडायचं काम माझं. “ज्याच्यावर आपलं पोट चालतं ती समदी हत्यारं आण,” ते म्हणाले. मी खुरपी आणली, कोयते आणले, औषध मारायचा पंप आणला, मोटारीचे पाने, माझी कंपासपेटी. रांग झाली, पण ती मला बारकी दिसू लागली. पलीकडच्या वस्तीवर त्या वर्षी नवा ट्रॅक्टर आला होता आणि त्याला झेंडूच्या माळा चढवताना मी सकाळीच पाहिलं होतं. संध्याकाळी त्यांच्या पोरी आमच्याकडं येणार, आमची रांग बघणार, नाकं मुरडणार. मग मी स्वयंपाकघरात गेले. तवा घेतला, काठवट घेतली, पोळपाट, लाटणं, उलथनं, विळी, पाटावरवंटा तेवढा उचलवला नाही म्हणून राहिला. सगळं घासलेलं, लखलखीत. ओळीत मांडलं तशी रांग पार दारापर्यंत गेली आणि मला फार बरं वाटलं.

इथं एक कबूल करते. माझ्या मुलीला मी ही गोष्ट सांगितली तेव्हा ती म्हणाली, “आई, तू तेव्हापासूनच अशी होतीस!” तिला वाटलं, मी आईच्या कामाचा मान राखायला ते केलं. मुलगी आता नवमीला तिचा लॅपटॉप पुजते आणि त्याशेजारी माझा मिक्सर ठेवते, फोटो काढते, चार जणांना पाठवते. तिचं कौतुकच आहे मला. पण मी तसं काही केलं नव्हतं. मला रांग लांब हवी होती, बस्स.

आबा आंघोळ करून आले, बसले, आणि एका टोकापासून हळदकुंकू वाहत निघाले. बोटांनी चाचपत, तोंडानं काहीतरी पुटपुटत. खुरपी झाली, कोयते झाले, पंप झाला. तात्या मागून तांदूळ आणि झेंडूची फुलं टाकत होते. तवाही झाला. विळीला कुंकू लागलं. नारळ फुटला. आणि मग आबांचा हात लाटण्यावर पडला आणि थांबला. “ह्ये काय हाय?”

“लाटणं,” मी म्हणाले.

तात्या खो खो हसले. आबांना हसू आलं नाही. “पोरी, ही काय हत्यारं हायत व्हय? ही बायकांची भांडी. उचल.” मी उचलायला वाकले तोच ते ओरडले, “थांब! हात लावू नगं!” कारण हळदकुंकू लागलं होतं, नारळ फुटला होता, पाणी शिंपडून झालं होतं. आबांना ती कुऱ्हाड आठवली असणार. ते पाटावर बसूनच राहिले. तात्यांनी हसत हसत समजूत घालायचा प्रयत्न केला. “आबा, हत्यार न्हाय म्हंता ना? मग उचलाय काय हरकत?” “पुजलंय की.” “मग हत्यार हाय म्हणा.” “हत्यार कसं आसंल? त्येला काय काम असतंय?” दोघं बराच वेळ असेच बोलत राहिले. मला तर हे ऐकून गरगरायला लागलं. हत्यार असेल तर उचलायचं नाही, हत्यार नसेल तर उचलायचं, पण पुजलंय म्हणून उचलायचं नाही, पण मग पुजलं का, तर चुकून. मी रडायच्या बेतात होते, कारण शेवटी हे सगळं माझ्यावर शेकणार हे दिसत होतं.

तेवढ्यात आई आली. ओल्या गोधड्या दारातल्या वलणीवर टाकून ती पदर खोचत आत आली आणि रांग बघून जागच्या जागी उभी राहिली. तिनं तव्याकडं पाहिलं. त्यावर हळद, कुंकू, मध्ये एक झेंडूचं फूल. किती वेळ पाहिलं कोण जाणे. ती आता मला मारते का देवाला नमस्कार करते, हे मला तिच्या तोंडावरून ओळखता येईना. तात्याच म्हणाले, “शैलीनं घोळ घातलाय बघ. आबांच्या हातनं चुकून पुजलं गेलं.”

आईनं विचारलं, “मामंजी, मग आज ह्येंनाबी उचलायचं न्हाय?”

आबांनी मान हलवली. त्यांना ते आवडलेलं नव्हतं, पण नेम म्हणजे नेम.

“उद्या सोनं लुटूस्तंवर?”

“उद्या सकाळच्याला लवकर जाऊन आणतो म्यां सोनं, तू काळजी करू नगं,” आबा म्हणाले. “आज चहाचिवड्यावर भागवू. तुला काय हाय, तू आपली बस निवांत. तसंबी तुला काय काम असतंय.” ते टोचायला बोलले नाहीत. ते खरोखर तिची समजूत काढत होते. ते वाक्य त्यांच्या तोंडात इतकं बसलेलं होतं, की ते तसंच बाहेर आलं.

“व्हय,” आई म्हणाली. “काम न्हाय म्हंता, तर मी निरवांगीला जाऊन येते.”

आवाज वाढवला नाही, टोमणा मारल्यासारखा केला नाही. एखाद्यानं गाडीची वेळ सांगावी तसं सांगितलं. आबांनी तोंड उघडलं, आणि मला वाटलं आता दुसरं वाक्य येणार. ते आलं नाही. समोर तवा पुजलेला होता. भाकरी होणार नव्हत्या, तोडा नव्हता, बायका येणार नव्हत्या. घटाला माळ आबा स्वतःच घालायचे. अडवायला त्यांच्याजवळ काहीच उरलं नव्हतं. तात्यांनी धारेचं विचारलं, तर आई म्हणाली, “सकाळची काढलीया. सांजची तुमी काढा. काळीला गूळ द्या, उभी ऱ्हाती.” तिनं लुगडं बदललं, पिशवीत चार केळी घातली आणि मला म्हणाली, “तू चल संगं. तुला ठिवून गेले तर आजून काय काय पुजशील.”

मागं घरी काय झालं ते परत आल्यावर कळलं. काळी गाय गूळ खाऊन तात्यांना लाथ मारून गेली. चहा दोनदा उतू गेला, तिसऱ्यांदा झाला तो आबांनी गोड मानून घेतला. ट्रॅक्टरवाल्यांच्या पोरी आल्या आणि आमची रांग बघून हसत गेल्या, तेव्हा मी नव्हते हे बरंच झालं.

वडगावहून बारामती आणि बारामतीहून निरवांगीच्या बाजूची गाडी. आई खिडकीला बसली. तिला मी कधी अशी नुसती बसलेली पाहिली नव्हती, त्यामुळं माझं सारखं तिच्याकडं लक्ष जात होतं. उसाचे फड सरकत होते. बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, “तवा मांडायला तुला कुणी सांगितलं हुतं?”

“कुणी नाही.”

“मग का मांडलास?”

“रांग मोठी दिसावी म्हणून.”

आई माझ्याकडं बघत राहिली आणि मग हसली. पदर तोंडाला लावून, खांदे हलेपर्यंत हसली. पुढच्या बाकावरच्या बाईनं मागं वळून पाहिलं. मला तेव्हा वाटलं, दुसरं काहीतरी उत्तर द्यायला हवं होतं. अजूनही वाटतं. पण ती हसली म्हणून बरंही वाटतं.

निरवांगीत मामाचं घर पत्र्याचं, दोन खोल्या आणि पुढं पडवी. पडवीतच आजीची बाज. आम्ही पोचलो तेव्हा मामा उसाला पाणी द्यायला गेलेला, मामीच्या काखेत धाकटं पोर, थोरलं पदराला धरून रडतंय, चुलीवर आमटी करपतीय. मामीनं आईला बघितलं आणि तिचा चेहराच खुलला. “वन्सं, आलासा व्हय! लई बरं झालं. महिना झाला बघा, माझी पाठ भुईला लागली न्हाय. म्हातारीचं समदं बाजंवर.” तिचं खोटं नव्हतं. डोळ्यांखाली काळं झालं होतं. आईनं पिशवी खाली ठेवली, बाजेपाशी वाकून आजीच्या कपाळावरून हात फिरवला. आजी झोपेत होती. आई तशीच सरळ झाली आणि आत गेली. मामीच्या हातून पळी घेतली, आमटी उतरवली, म्हणाली, “तू जरा पड. मी बघते.”

मामीकडं तवा काही कुणी पुजला नव्हता. तिथं नुसतं इंजिन आणि नांगर. त्यामुळं आमटी उतरली तसा तवा चुलीवर चढला, आणि थोड्या वेळात मला पडवीत ते ओळखीचे थप थप ऐकू यायला लागले. एवढं सगळं झालं, एवढ्या गाड्या बदलून आलो, ते कशाला? मी आत जाऊन म्हणाले, “आई, आजीजवळ बस ना. आजी उठलीय.”

“आले. एवढ्या भाकरी टाकते, पोरं उपाशी हायत.”

परत गेले. “आई, आजी बोलावतीय.”

“आले म्हणलं ना. भांडी पडल्यात तेवढी काढते. तू बस तिच्याजवळ.”

मी बसले. आजीचे डोळे पुरते गेले होते, कानही गेल्यातच जमा. तिनं अंधारात चाचपावं तसा हात हवेत फिरवला आणि माझा हात धरला. तिची बोटं म्हणजे नुसती हाडं. “हौसे,” ती म्हणाली. हौसा हे माझ्या आईचं नाव. त्या नावानं तिला हाक मारताना मी पंधरा वर्षांत कुणालाच ऐकलं नव्हतं, आमच्या घरी तिला ‘शैलीची आई’ म्हणत. त्यामुळं ती कुणाला हाक मारतीय हे कळायलाच मला एक क्षण लागला. “हौसे, आलीस व्हय गं? लई वाट बघायला लावलीस.”

मी शैला आहे, हे सांगायला मी तोंड उघडलं होतं. पण तिनं माझा तळवा तिच्या गालाला लावला, मग दोन्ही हातांत घेऊन अंगठ्यानं सगळीकडून चाचपला. बोटांची पेरं, तळव्याचा मांसल भाग, मनगट. आणि तिचं तोंड हळूहळू सैल होत गेलं. “किती मऊ हात झाल्यात गं तुझं,” ती म्हणाली. “लगीन करून दिलं तवा मला लई घोर पडला हुता. मोठी वस्ती, हाताखाली कुणी न्हाय, पोरीची माती हुईल म्हणायची मी. तुझ्या बापाशी भांडले हुते. चुकलंच माझं. त्येंनी तुला कामाला लावलीच न्हाय बघ. घरी बसवून सांभाळली.” मग थोडा दम खाऊन म्हणाली, “आता मला घोर न्हाय. माझी हौसा सुखात हाय.”

माझे हात मऊ होते, कारण दहावी म्हणून आईनं मला कशालाच हात लावू दिला नव्हता. शेणाला नाही, चुलीला नाही, विळ्याला नाही. आत मामीच्या स्वयंपाकघरात राखेनं भांडी घासल्याचा आवाज येत होता. मी सांगायला हवं होतं, की आजी, हे माझे हात, तिचे नाहीत, थांब, तिला बोलावते. एका वाक्याचं काम. पण आजीच्या चेहऱ्यावर मी तोपर्यंत कधी पाहिला नव्हता असा निवांतपणा होता आणि तो माझ्या हातांनी आला होता. सांगितलं असतं तर तो गेला असता. आणि नाही सांगितलं, तर माझ्या आईनं इतकी वर्षं जे केलं ते या एका म्हातारीच्याही हिशेबी नसल्यातच जमा झालं. हे मला तेव्हा इतकं स्पष्ट मांडता येत नव्हतं. मी गप्प बसले. माझ्या नवऱ्याचं म्हणणं, बरं केलंस. माझी मुलगी म्हणते, सांगायला हवं होतंस, तो तिचा हक्क होता. दोघांचंही बोलणं ऐकताना मला पटतं.

आई पदराला हात पुसत आली तेव्हा आजी पुन्हा झोपली होती. आई बाजेच्या पायथ्याशी खाली बसली, आजीचे पाय मांडीवर घेतले आणि दाबत राहिली. आजी जागी झाली नाही. ती रात्र आम्ही राहिलो, आणि सकाळीही तिला ग्लानीच होती, हाक मारली तर हुंकार द्यायची, बस्स. आईनं तिला पुसून घेतलं, लुगडं बदललं, वेणी घातली, दोन चमचे पाणी पाजलं. मामीच्या पोरांसाठी भाकरी करून ठेवल्या. आणि आम्ही पहिल्या गाडीला उभे राहिलो, कारण दसरा होता, घरी पुरण शिजायचं होतं. दिवाळीच्या आधी आजी गेली. तेव्हा आई निरवांगीला जाऊन आली, कुणी तोड्याचं नाव काढलं नाही. मयताला जायला आमच्याकडं कुणी अडवत नाही.

पण त्या सकाळच्या गाडीत हे काही माहीत नव्हतं. गाडीत झेंडूच्या पाट्या घेऊन बसलेल्या बायका, सगळीकडं तो वास. आई मला म्हणाली, “काल बोलत हुती व्हय गं आई? मला आवाज येत हुता. काय म्हणली?”

मी खरं सांगितलं. मला तूच समजली, माझा हात धरला, मऊ झालाय म्हणाली, तू सुखात आहेस म्हणाली. आणि मी काहीच बोलले नाही, हेही सांगितलं. आई समोरच्या बाकाच्या पाठीकडं बघत होती. वाटलं, आता रडते.

“बरं केलंस,” ती म्हणाली. “घोर घेऊन जायाची ती. बरं केलंस.”

मला एकदम हलकं वाटलं. मी खिडकीबाहेर बघायला लागले. बारामती आली, गाडी स्टँडात शिरली, लोक उठले, मीही उठले आणि पिशवी घेतली. आई बसूनच होती. तिनं आपले दोन्ही हात उलटे करून मांडीवर ठेवले होते. भेगांमध्ये मामीकडची राख अजून होती, ती धुऊन जात नाही.

“पर शैले,” ती म्हणाली, “एकदा तिनं माझा हात धराय पायजे हुता गं.”

कंडक्टर उतरा उतरा म्हणून ओरडत होता. वडगावची गाडी पलीकडं लागलेली होती, आणि आई पदर सावरून माझ्याही पुढं त्या गाडीकडं चालायला लागली.